प्राडाचे आभार माना म्हणे!

पेठकर: काल कुणीतरी लिहिलंय, "प्राडामुळे कोल्हापुरी जगाला कळली, आभार माना." वाचून टाळकं सटकलं. जून २०२५ला या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये आपली अंगठ्याची चप्पल मॉडेलच्या पायात मिरवली, ना नाव ना गाव. बोंबाबोंब झाल्यावर मग 'भारतीय कारागिरीची प्रेरणा'! आभार कसले? २०१९पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे आपल्याकडे.

मु. पो. म्युनिक: तो जीआय कोल्हापूरबाहेर कुणाला माहीत होता? माझी पुण्यातली पुतणी जन्मात क्रॉक्सशिवाय काही घालेना. त्या गदारोळानंतर हट्टाने कापशी घाटाची कोल्हापुरी घेतली, गोंड्यासकट. तुमच्या 'अस्मिते'ने तिच्या पायात कधी घातली होती?

सीमावासी: जीआय आठ जिल्ह्यांचा आहे हो, चार महाराष्ट्रातले, चार कर्नाटकातले. माझे आजोबा तिकडे कर्नाटकात, अथणीत बसून शिवायचे, शिक्का कोल्हापूरचा. आमचं नाव घेतलंत कधी? प्राडाने तुमच्याशी केलं तेच.

पेठकर: झालं, सीमाप्रश्न आलाच! शाहू महाराजांनी या धंद्याला आश्रय दिला, हे विसरू नका.

सीमावासी: आश्रय दिला, मान्य. पण शिवलं कुणी? संस्कृती संस्कृती करता, शिवणाऱ्याला तुमच्या आजोबांनी उंबऱ्याच्या आत घेतलं होतं का? चप्पल तुमची अस्मिता आणि कातड्याचा वास आमचा?

पेठकर: माझ्या आजोबांवर जायचं काम नाही!!

हिरडा_बाभूळ: भांडा लेको. महाराष्ट्रात २०१५च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलाचं कातडं मिळेना, त्यावर एक अक्षर नाही. कोल्हापूरच्या बाजारात, चप्पल लाइनीत 'ओरिजिनल'च्या पाटीखाली रेक्झिन लटकतंय. ते काय इटलीवाल्यांनी आणून टांगलं? पाचशेची तीनशेला मागणारं गिऱ्हाईक आपलंच. बाभळीच्या सालीत कातडं कमवायला किती दिवस जातात, कोण विचारतं?

पेठकर: बरं, रेक्झिनचं खरंय. पण म्हणून चोरी माफ?

मु. पो. म्युनिक: चोर डिसेंबर २०२५मध्ये लिडकॉम-लिडकर या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून गेला की. दोन हजार जोड, आठशे युरोच्या आसपास एक. महाराष्ट्र नि कर्नाटक पुन्हा एका कागदावर आले, ते प्राडाच्याच कृपेने!

सीमावासी: आठशेतले शिवणाऱ्याच्या हातात किती पडतात ते बघू, मग हार घालू. पेठकर, अथणीला या, मापाची शिवून देतो. शिक्का मारणार नाही.

पेठकर: नऊ नंबर. करकर वाजली पाहिजे. आणि बेळगाव महाराष्ट्राचंच.