मे महिन्यात अस्तराचा किमोनो घालायचा हट्ट कशाला?

मांजरपाट:
जपानमध्ये किमोनो कधी कोणता घालायचा हे महिन्यांवर ठरतं. या कपडेबदलाला कोरोमोगाए म्हणतात. ऑक्टोबर ते मे अस्तराचा 'आवासे', जून आणि सप्टेंबरमध्ये बिनअस्तराचा 'हितोए', आणि जुलै-ऑगस्टमध्ये जाळीदार 'रो', 'शा' किंवा रॅमी या झाडाच्या धाग्याचं 'आसा'.

माझं म्हणणं, आता हे गुंडाळून ठेवा. 2022 साली तोक्योत जून संपायच्या आतच पारा 35 च्या वर गेला होता. मे महिन्यात अस्तर आणि सप्टेंबरच्या उकाड्यात जाळीला बंदी, याला काय अर्थ आहे?

परंपरेचं म्हणाल तर एदो काळात (1603 ते 1868) तारखा चांद्र पंचांगाच्या होत्या. चौथ्या महिन्याच्या 1 ला कापूस भरलेला जाऊन आवासे, पाचव्याच्या 5 ला बिनअस्तराचा काताबिरा, नवव्याच्या 1 ला पुन्हा आवासे, 9 ला पुन्हा कापूस. 1873 मध्ये सौर पंचांग आलं आणि या तारखांचा जुना आधारच सुटला. तेव्हा सरकवल्या, तर आज का नाही? 25 अंशांच्या वर हितोए, 30 च्या वर रो, एवढं पुरे.

उभाआडवा:
असहमत. तुमचाच दाखला तुमच्यावर उलटतोय. चांद्र पाचव्याची 5 तारीख बहुतेकदा जूनमध्येच पडते. म्हणजे अस्तर तेव्हाही साधारण याच सुमारास निघायचं.

घरी काय वाटेल ते घाला, कोण अडवतंय? प्रश्न चहाविधीचा आणि लग्नाचा आहे. तिथे उकाड्याचा बंदोबस्त आतून करतात. आतलं जुबान, म्हणजे किमोनोखालचा झगा, आसाचं घ्या, त्याने खूप फरक पडतो. त्याहून बरं म्हणजे 'दोनुकी' शिवून घ्या: पाठ-छातीचं अस्तर गाळायचं, पण बाह्यांच्या तोंडाशी आणि खालच्या घेराला (हाक्काके) ठेवायचं. चालताना घेर उलटला तरी अस्तर दिसतं, किमोनो आवासेच वाटतो.

मांजरपाट:
बाहेरून नियम, आतून पळवाट! मग नियम राखला तो कोणासाठी? शिवाय दोनुकी मुद्दाम शिवून घ्यावा लागतो. जुन्या बाजारातून तयार किमोनो घेणाऱ्याने काय करायचं?

उभाआडवा:
पाहुण्यांसाठी राखला, आणि त्यात गैर काही नाही. बरं, पारा बघून मे महिन्यात रो घातलाच, तर एकट्या किमोनोने भागत नाही. गळपट्टीही रोची लागते, ती एरवी जून ते सप्टेंबर लावतात. ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, पण उन्हाळी हवा, जाळीवर जाड जरीचा ओबी बेंगरूळ दिसतो. आतलं जुबान आखूड असेल तर ते जिथे संपतं तिथे पोटऱ्यांवर आडवी रेघ आरपार दिसते. म्हणून जाळीखालचं जुबान नेहमीपेक्षा लांब ठेवतात.

निरगाठ:
तुम्ही दोघं रेशमातच अडकलात. 30 च्या वर खरा उपाय सूत आणि आसा. रेशमी रो घामाने भिजला की डाग राहतात, पुढे पिवळे पडतात, आणि घरी धुवायची सोय नाही.

निइगाता भागातलं ओजिया चिजिमी बघा. रॅमीच्या आडव्या धाग्याला जादा पीळ देतात, विणल्यावर पाण्यात चोळतात, मग पीळ आखडून कापडावर बारीक सुरकुत्या उठतात. त्यामुळे ते अंगाला चिकटत नाही. धुताना घडी करून जाळीच्या पिशवीत घाला, गार पाणी, मशीनचा पिळा जेमतेम. ओलाच काठीवर आडवा पसरा, पाण्याच्या वजनाने चुण्या सुटतात. दाबून इस्त्री केलीत तर सुरकुत्या सपाट होतात आणि चिजिमी घेतल्याचा उपयोगच जातो.

युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला साधा सुती किमोनो, तोही गळपट्टी आणि ताबी मोजे चढवून किमोनोसारखा घालता येतो. मात्र कोबाई (उठावदार चौकटींचं कापड), सुती रो किंवा चिजिमीच घ्या. गुळगुळीत सुताचा साधा छापील युकाता गळपट्टी लावूनही युकाताच दिसतो. तो अनवाणी पायात गेता (लाकडी चपला) घालूनच शोभतो.

उभाआडवा:
जत्रेला आणि आतषबाजीला ठीक, चहाविधीला नाही. आणि जुबान, ताबी चढवल्यावर युकाताचा गारवा राहिला कुठे?

निरगाठ:
गारवा जातो तो कमरेशी. बायका सरळ नळकांड्यासारखा आकार यावा म्हणून कमरेला दोन-तीन टॉवेल गुंडाळतात आणि मग उकडतं म्हणून तक्रार करतात. ओबीला चुण्या पडू नयेत एवढ्यापुरता एक पातळ टॉवेल पुरतो.

घेर घोट्याच्या हाडाशी ठेवा, कंबरदोरी पक्की बांधा. ती ढिली राहिली की तासाभरात घेर लोंबतो आणि पायात येतो. मग लोक छातीवरची दोरी आवळतात. श्वास कोंडतो, घेर जिथल्या तिथे. मान मागून मूठभर उघडी ठेवा, वारा तिथून आणि बगलेखालच्या फटीतून खेळतो. पुरुषांच्या युकात्याला ही फट नसते. त्यांनी ओबी पोटावर न बांधता खाली कमरेच्या हाडावर बांधावा. आणि उजवी बाजू आत, डावी वर, सगळ्यांनाच. उलटं फक्त मृताला नेसवतात.

मांजरपाट:
हे सगळं मान्य, पण मे महिन्याच्या लग्नाला सूत चालत नाही. मूळ प्रश्न तिथेच आहे.

उभाआडवा:
म्हणून तर दोनुकी म्हटलं. जुना आवासे असेल तरी शिवणाऱ्याकडून मधलं अस्तर काढून घेता येतं, सगळा नव्याने शिवायला लागत नाही.