शॉर्टवेव्हवर रात्री नुसती घरघर, काय करावं?

नमस्कार मंडळी, सांगलीत विश्रामबागला राहतो, लांबची स्टेशनं पकडायचा नाद आहे, रेडिओ टेकसन पीएल-३३०. वैताग असा की अंधार पडला, म्हणजे नेमका ३१ आणि ४९ मीटर बँड (शॉर्टवेव्हचे रात्री चालणारे पट्टे) उघडायचा टाइम झाला की घर्र्र सुरू. चीनची दणकट स्टेशनं तेवढी घुसून येतात, बाकी बारीक सिग्नल सगळे त्याच्याखाली गाडले जातात. मिरजेच्या पुढं मामाच्या मळ्यात तोच रेडिओ त्याच्या नुसत्या दांडीच्या अँटेनावर लख्ख चालतो, म्हणजे रेडिओत काय खोट नाही. घरातला मेन स्विच पाडून बॅटरीवर लावून बघितला, आवाज कमी झाला पण गेला नाही, म्हणजे निम्मं दुखणं शेजारच्या एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टरचं असणार, आणि आता काकूंना बल्ब बदला म्हणून कुठल्या तोंडानं सांगू!

टेरेसवर अँटेना म्हणून २० मीटर वायर ओढून, ९:१ चा बालन (वायर आणि केबलचा मेळ घालणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लावून कोॲक्सनं (टीव्हीला असते तसल्या केबलनं) खाली आणायचा विचार आहे. पण काहीजण म्हणतात की गावात वायर घरघरच जास्त गोळा करते, त्यापेक्षा छोटा मॅग्नेटिक लूप (कड्याच्या आकाराचा अँटेना) घे, फिरवून नॉइजची दिशा मारता येते. दोन्ही वापरलेलं कुणी आहे का इथं? लूप घरी बनवायचा तर ॲम्प्लिफायर लागतोच का? आणि वायरीतनं येणारा नॉइज दाबायच्या फेराइट रिंगा सांगली-कोल्हापुरात कुठं मिळतील? वायर लावलीच तर वळवाच्या विजांचं काय करता, अर्थिंग पुरतं की सरळ काढूनच ठेवता?