'हार्वेस्ट'मधला बँड नावापुरता नाही

गायक-गिटारवादक नील यंगच्या 'हार्वेस्ट' या अल्बममध्ये (१९७२) त्याचा आवाज आणि गिटार सोडून बाकी सगळं नावापुरतं आहे, हे कुणीतरी मांडलेलं मत मला अजिबात पटलं नाही. त्यात साथ देणारा बँड, स्ट्रे गेटर्स, काढून टाका, मग त्या रेकॉर्डचा संथ, ऐसपैस डौल उरेल का?

बेन कीथची पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची, सूर घसरवत नेणारी गिटार) नीट ऐका. अमेरिकेच्या कंट्री संगीतात हे वाद्य बऱ्याचदा हुंदके देत पुढे येतं. इथे तो एखादाच सूर धरतो, लांबवतो आणि गाणाऱ्याला वाट करून देतो. केनी बटरी तर कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलचा मुरलेला स्टुडिओ ड्रमर, हात किती चालतो हे दाखवायची सहज संधी होती. पण ड्रम इतके मोजके वाजवलेत की दोन ठोक्यांमधली मोकळी जागासुद्धा ऐकू येते. टिम ड्रमंडचा बास त्या जागेत शांतपणे चालत राहतो. हा संयम मला फार मोठा वाटतो.

त्या काळात पाठीच्या दुखण्यामुळे नीलला जड इलेक्ट्रिक गिटार पेलवत नव्हती, अकूस्टिककडे वळण्यामागे तेही एक कारण होतं. 'ओल्ड मॅन'मध्ये जेम्स टेलरचा बँजो आणि लिंडा रॉनस्टॅटचा आवाज आहे, तेही विसरू नका.

लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा असलेली दोन गाणी मात्र मला जडच वाटतात. आणि नीलचा १९९२चा अल्बम 'हार्वेस्ट मून' ऐकला नसेल तर जरूर ऐका, त्यातही स्ट्रे गेटर्सच आहेत.