'जस्टिस'चा बास वर आणायचा की नाही?

काळा_चहा
मेटॅलिका या मेटल बँडचा '...अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) हा अल्बम ऐकलेल्या कुणालाही विचारा, तक्रार ठरलेली: बास (खालच्या सुरांची गिटार) कुठंय? २००९ साली 'गिटार हीरो: मेटॅलिका' हा गेम आला, त्यातून काही गाण्यांचे एकेका वाद्याचे सुटे ट्रॅक लोकांच्या हाती लागले आणि बास वाढवलेले घरगुती मिक्स नेटवर फिरायला लागले. २०१८ च्या संचात बँडने अल्बम रीमास्टर केला, पण मिक्सला, म्हणजे वाद्यांच्या आवाजांच्या आपसातल्या प्रमाणाला, हात लावला नाही. त्यावरून अजून शिव्या खातात. माझ्या मते त्यांनी योग्य तेच केलं.

बँडचा बासवादक क्लिफ बर्टन सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बस उलटून वारला. दीड महिन्याच्या आत जेसन न्यूस्टेड त्याच्या जागी स्टेजवर उभा होता. सुतक पाळायलाही ही मंडळी थांबली नाहीत. ते सगळं या अल्बममध्ये उतरलंय. 'ब्लॅकन्ड'ची सुरुवात ऐका: उलट्या फिरवलेल्या गिटारचे थर चढत जातात आणि रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) सुटते तेव्हा खाली आधारच नसतो. बास भरला की तोच अल्बम त्या काळच्या इतर चांगल्या थ्रॅश (वेगवान मेटल) अल्बमसारखा वाजेल. मग 'जस्टिस' कशाला ऐकायचा?

सहावी_तार
साफ असहमत. दुःखाचं वगैरे आपण मागाहून चिकटवलंय. मिक्स करणाऱ्या दोघांपैकी स्टीव्ह थॉम्पसनने पुढे मुलाखतीत सांगून टाकलं की ड्रमर लार्स उलरिखने बास जेमतेम ऐकू येईल इतका खाली घ्यायला लावला आणि वर आणखी खाली घ्यायला सांगितलं. निर्माता फ्लेमिंग रासमुसेन मिक्सच्या वेळी हजरच नव्हता. नव्या पोराला वर्षानुवर्षं टोमणे मारून छळणं चालू होतं, तेही जगजाहीर आहे. याला कला म्हणायचं? आमच्याकडे याला रॅगिंग म्हणतात.

बेसुरा_बाळ्या
+१ सहावी_तार

ढोलपथक_निवृत्त
थोडं तांत्रिक. सगळं खापर लार्सच्या डोक्यावर फोडू नका (मोह होतो, मान्य). गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डने गिटारच्या आवाजाचा मधला भाग खरवडून काढलाय आणि खालचा भरलाय, म्हणजे बासची हक्काची जागा गिटारनेच बळकावली. त्यात जेसन पिकने (बोटांऐवजी पत्रीने) वाजवतो आणि बहुतेक वेळ रिदम गिटारच्या मागेमाग जातो. क्लिफसारखी वेगळी वाट फारशी काढत नाही. फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर केला तरी पुष्कळ ठिकाणी 'अरे, हा बास!' असं होणार नाही, फक्त रिफ जाड होईल. शिवाय त्या उन्हाळ्यात ते टूरवर होते. शो वाजवायचा, मिक्सला यायचं, परत जायचं. कान बधिर झाले होते हे हेटफिल्डनेच सांगितलंय. बधिर कानांना वरच्या पट्ट्या कमी ऐकू येतात, मग माणूस त्याच वाढवत बसतो. ती टकटक वाजणारी किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) ऐका, कळेल.

सहावी_तार
बंगळूरला २०११ मध्ये पॅलेस ग्राउंड्सवर याच अल्बममधलं 'वन' लाइव्ह ऐकलंय. त्या मशिनगनसारख्या डबल किकच्या भागात त्रुहियोचा (जेसननंतरच्या बासवादकाचा) बास छातीवर आदळत होता. गाणं काय चीज आहे ते त्या दिवशी कळलं. रेकॉर्डवर तिथे नुसती टपटप आहे.

काळा_चहा
लाइव्हचं लाइव्हपाशी राहू द्या, तिथे बास हवाच. पण मेगाडेथ या बँडचं काय झालं आठवा. त्यांच्या मस्टेनने २००४ मध्ये 'रस्ट इन पीस' हा जुना अल्बम नव्याने मिक्स केला, काही ठिकाणी गाणंही पुन्हा म्हटलं. आज किती जण ती आवृत्ती आवडीने ऐकतात? जुनी सीडी शोधत फिरतात लोक.

मुळशीकर
कारण तिथे नवी आवृत्ती जुनीच्या जागी बसवली. इथे कोण म्हणतंय जुनी काढा? दोन्ही ठेवा, ज्याला जी हवी ती तो ऐकेल. आणि लोकांना बास नसल्याचं काही अडलं नाही हेही खरं. अल्बम अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, लाखोंनी खपला. १९८९ च्या ग्रॅमीत हार्ड रॉक/मेटलचं बक्षीस मेटॅलिकाऐवजी जेथ्रो टल या बासरीवाल्या बँडला गेलं तेव्हा बोंबाबोंब झाली ती बासवरून नव्हे. :)

बेसुरा_बाळ्या
बासरीवाल्यांनी मेटलचं बक्षीस नेलं, यावर वेगळा धागा काढा राव.

सहावी_तार
काळा_चहा, एवढं सांगा. 'ब्लॅकन्ड'च्या श्रेयात हेटफिल्ड-उलरिखबरोबर न्यूस्टेडचंही नाव आहे. स्वतः रचलेल्या गाण्यात माणूस ऐकू येत नाही. इथेही 'असंच हवं' म्हणणार?

काळा_चहा
हा मुद्दा बोचरा आहे. बरं, 'ब्लॅकन्ड' एकटं नव्याने मिक्स करून बोनस म्हणून द्या. उरलेल्या आठांना हात लावायचा नाही.

ढोलपथक_निवृत्त
मग 'टू लिव्ह इज टू डाय' का वगळता? ते क्लिफने मागे ठेवलेल्या सुरावटींवर बांधलंय. बासवाल्याला श्रद्धांजली, आणि त्यातच बास गायब? त्याला सुद्धा हात लावायचा नसेल तर तुमचं सुतकाचं म्हणणं पुन्हा नीट मांडा, मी वाचतोय.