'आबाळ', 'हेळसांड' की 'छळ'?

तासगाव : ज्येष्ठ नागरिकांचे अर्ज लिहून देण्याचं काम करते. पोटगीसाठीचे हे अर्ज प्रांतांकडे, म्हणजे त्यांच्या न्यायाधिकरणाकडे जातात. एक आजी म्हणाल्या, "पोरानं घासाला म्हाग केलंय मला." अर्जात याला आबाळ म्हणायचं, हेळसांड की छळ?

मिरज : ताई, तिन्ही शब्द वेगळे आहेत. आबाळ बहुतेक 'होते'. घरातली सगळी ऊसतोडीला गेली की मागं राहिलेल्या म्हाताऱ्याची आबाळ होते, त्यात कुणाचा दोष असेलच असं नाही. हेळसांडीत दोष आहे. संस्कृतात 'हेला' म्हणजे अनादर. समोर दिसतंय, करता येण्याजोगं आहे, तरी कुणी करत नाही. छळात हेतू आला, पुन्हापुन्हा केलेलं आलं.

पण मी अर्जात आधी आजींचं वाक्य जसंच्या तसं, 'म्हाग'सकट घालेन. आपले तिन्ही शब्द म्हणजे निष्कर्ष, आणि तो काढायचं काम न्यायाधिकरणाचं. त्यापुढे फक्त दिसलेलं लिहा, उदाहरणार्थ : रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट महिन्यापूर्वीच्या तारखेचं, एकही गोळी फोडलेली नाही. श्रावणबाळ योजनेचे पैसे दर महिन्याला काढल्याच्या नोंदी पासबुकात आहेत आणि आजी म्हणतात, बँकेची पायरी चढून वर्ष झालं. अशा दोन ओळींचं वजन 'अमानुष छळ' या शब्दांना येत नाही.

विटा : वळ, वण आणि व्रण यांतही फार गल्लत होते. वळ म्हणजे काठीचा, पट्ट्याचा किंवा बोटांचा उमटलेला लांबट ठसा. वण म्हणजे बऱ्या झालेल्या जखमेची खूण. व्रण मूळचा जखमेचा शब्द, हल्ली वणासाठीही वापरतात. नुसतं काळंनिळं दिसत असेल तर 'वळ' लिहू नका. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असल्या की म्हातारपणी साध्या धक्क्यानंही काळंनिळं होतं. जागा, आकार, रंग लिहा, तारखेचा फोटो काढा आणि सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. आजींना विचारतानाही "सुनेनं मारलं ना?" म्हणू नये, "हे कशानं झालं?" एवढंच विचारावं. आणि तेही एकटं बसवून. मुलगा दारात उभा असताना कुठली आई खरं बोलेल?

कराड : माझं सगळं आयुष्य कोर्टात गेलं, म्हणून भर घालतो. पोलीस लिहून घेतात तो जबाब. त्यावर सांगणाऱ्याची सही घेत नाहीत. साक्ष म्हणजे शपथेवर न्यायालयात सांगितलेलं. "आजींनी पोलिसांत साक्ष दिली" हे लिहिणं चूकच. फोटो काढला म्हणजे पंचनामा झाला असंही नव्हे, त्याला पंच लागतात.

आणखी एक, हे मात्र शब्दांपलीकडचं आहे. जबाबासाठी कोणत्याही वयाच्या बाईला किंवा 60 वर्षांवरच्या पुरुषाला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 179. आपल्याकडे अजूनही म्हाताऱ्या माणसांना बाकावर तासन्‌तास बसवून ठेवतात, याची मला चीड येते.

तासगाव : आजींनी जमीन मुलाला बक्षीसपत्रानं दिली आहे. "सांभाळतो म्हणाला म्हणून दिली," म्हणतात.

कराड : मग 'सांभाळ' हाच सगळ्यात महत्त्वाचा शब्द. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 बघा. सांभाळाच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. मात्र दस्त हा कायदा लागू झाल्यानंतरचा हवा. दुय्यम निबंधकाकडून नक्कल काढा आणि सांभाळ, अन्नवस्त्र, औषधपाणी यांतलं काय लिहिलंय ते ओळ न ओळ वाचा. त्याच वेळी काही वेगळा करारनामा झाला असेल तर तोही शोधा.

मिरज : नक्कल मिळेपर्यंत आजींचं जेवण अडलं असेल तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, आजच फोन लावा.