मदत हवी आहे: गाडी घरी रंगवायची आहे, गंजावर कन्व्हर्टर लावू की थेट इपॉक्सी प्रायमर?

धागाकर्ता

मंडळी,

जुनी हॅचबॅक आहे. इंजिन ठणठणीत, पण रंगाची पार रया गेली आहे. घरीच रंगवायचं ठरवलं आहे. शोरूमची झळाळी नको. चार हात लांबून बरी दिसली आणि गंज पुढे सरकला नाही, की मी खूश. रंग कुठला, कसा मारायचा हे नंतर विचारेन. अडलंय ते त्याआधीच.

बॉनेटच्या पुढच्या कडेला दगड लागून टवके उडालेत, त्यांत तांबूस ठिपके आहेत. छपरावर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) सोलून निघालाय आणि मधे तळहाताएवढ्या भागावर वरवरचा गंज आहे. मागच्या एका चाकाच्या कमानीवर मात्र रंग फुगलाय. तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहिलं, पत्रा टणक लागतो, टोक आत जात नाही.

छपराचा थोडा भाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून बघितला. पत्रा चकाकला, पण जवळून पाहिलं तर बारीक खड्ड्यांत काळे ठिपके तसेच. आता व्हिडिओवाले एकजण म्हणतो कन्व्हर्टर (गंजाला स्थिर थरात बदलणारं द्रावण) लावा आणि वरून काहीही मारा, दुसरा म्हणतो आधी एचिंग प्रायमर (आम्लाच्या जोरावर पत्र्याला पकडणारा), तिसरा म्हणतो इपॉक्सीशिवाय हात लावू नका. तिघांचंही काम कॅमेऱ्यात छानच दिसतं, दोन वर्षांनी काय झालं ते कोणी दाखवत नाही. मला फक्त सुट्टीच्या दिवशी वेळ मिळतो, म्हणजे प्रायमर मारून गाडी बरेच दिवस तशीच उभी राहणार. त्याने काही बिघडेल का? आणि लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) प्रायमरच्या आधी भरायची की नंतर?

कानसवाला

काळ्या ठिपक्यांपासून सुरू करतो, कारण सगळं तिथेच ठरतं. तो गंजच आहे, खड्ड्यात दडलेला. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून घासलंत तर तो चकाकेल, पण निघणार नाही. ब्रश त्याला पॉलिश करतो. शिवाय ग्राइंडर एका जागी धरला की पातळ पत्रा तापून पोक येतो, आणि छपरावरचा पोक काढणं हे गंज काढण्यापेक्षा कठीण. स्ट्रिपिंग डिस्क (ग्राइंडरला लावायची रंग-गंज खरवडणारी चकती) मिळाली तर ती वापरा, नाहीतर हाताने ८० नंबर. तरीही उरलेल्या ठिपक्यांवर फॉस्फरिक आम्लाचं गंज काढायचं द्रावण लावा, बाटलीवर दिलाय तेवढाच वेळ ठेवा, वाळू न देता पुसून धुवा आणि लगेच कोरडं करा. हातमोजे, चष्मा हवेतच.

घासताना दिसणाऱ्या गंजापाशी थांबू नका. रंगाखाली तो पुढे सरकलेला असतो. चारही बाजूंनी स्वच्छ पत्रा लागेपर्यंत जा, मग जुन्या रंगाची कड १८० आणि पुढे ३२० ने उतरती करा. बोट फिरवलं तर पायरी लागायला नको. आत्ता बोटाला जाणवलेली पायरी वरच्या रंगातून हमखास डोळ्यांना दिसते.

मग ग्रीस काढायचं द्रावण, दोन फडकी: एकाने ओलं पुसायचं, ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एकाच फडक्याने मेण आणि तेल नुसतं इकडून तिकडे जातं. त्यानंतर उघड्या हाताने पत्र्याला स्पर्श नाही. उघडा पत्रा रात्रभरही ठेवू नका, दमट हवेत सकाळी तांबूस झाक आलेली असते. त्यामुळे एका दिवशी प्रायमरपर्यंत पोचाल तेवढाच भाग उघडा करा.

वर दोन भागांचा इपॉक्सी, म्हणजे प्रायमर आणि तो कडक करणारा हार्डनर मिसळून मारायचा. लांबी त्याच्यावर, इपॉक्सी चांगला वाळल्यावर आणि थोडा घासून. एचिंग प्रायमरवर लांबी भरू नका, आणि त्यावर इपॉक्सीही नको. त्यातलं आम्ल वरच्या थराच्या हार्डनरला नीट काम करू देत नाही.

तांबेरा

कानसवाल्यांचं छपराबाबत पटलं, पण कन्व्हर्टरला सरसकट मोडीत काढू नका. टॅनिक आम्लाचा कन्व्हर्टर गंजाशी संयोग पावून निळसर काळा, स्थिर थर बनवतो. जिथे पेपर पोचतच नाही, म्हणजे पत्र्याच्या जोडात, कमानीच्या आतल्या घडीत, तिथे दुसरा पर्याय कुठे आहे? फक्त त्याला खायला गंज लागतो. चकाकत्या पत्र्यावर ओतून उपयोग नाही, आणि पोपडे सुटलेल्या गंजावरही नाही; सुटं ते आधी खरवडायचं.

कानसवाला

मान्य. माझा विरोध कन्व्हर्टर आणि इपॉक्सी एकावर एक मारण्याला. अशा कन्व्हर्टरमध्ये बहुधा रेझिनही असतं, त्याचा स्वतःचा मऊसर पापुद्रा तयार होतो. त्यावर इपॉक्सी मारलात तर इपॉक्सीची पकड पत्र्यावर नाही, त्या पापुद्र्यावर. म्हणून दिसणाऱ्या भागावर उघडा पत्रा आणि इपॉक्सी, आणि न दिसणाऱ्या घडीत कन्व्हर्टर.

धागाकर्ता

धन्यवाद दोघांना. म्हणजे छप्पर आणि बॉनेट इपॉक्सी. आता सुट्ट्यांचं काय? साध्या स्प्रे कॅनचा राखाडी प्रायमर मारून ठेवला तर चालेल?

मधला कोट

नाही. साधा कॅनमधला प्रायमर सच्छिद्र असतो. वरून कोरडा दिसतो, पण ओल आत जिरते आणि काही आठवड्यांत खालून तांबूस डाग वर येतात. घासायला सोपा जाड फिलर प्रायमरसुद्धा ओल धरतो, म्हणून तो रंगाच्या अगदी आधीचा थर ठेवावा. तुमच्यासारखं तुकड्या-तुकड्याने काम असेल तर इपॉक्सीच सोयीचा, तो ओल अडवतो. मात्र उन्हात फार दिवस ठेवला तर वरून भुकटतो, तेव्हा गाडी झाकून ठेवा. डब्यावर पुढचा थर किती वेळात द्यायचा ते लिहिलेलं असतं. ती वेळ टळली की आधी घासायचं, नाहीतर वरचा थर सोलून येईल.

जुन्या रंगावर एक चाचणी कराच. फडक्यावर थिनर घेऊन कडेला चोळा. रंग फडक्यावर उतरला किंवा सुरकुतला, तर वर मारलेल्या नव्या थरामुळे तीच कड उचलून येणार. तो भाग पूर्ण काढलेला बरा.

आणि हे मजेत घेऊ नका: हार्डनर मिसळायच्या दोन भागांच्या बऱ्याच फिलर प्रायमरमध्ये आणि क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं. बुडाचं बटण दाबून हार्डनर सोडायचे जे कॅन येतात, त्यांतही. त्याने दमा जडू शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की थोड्याशा वासानेही त्रास होतो. धुळीचा मास्क तिथे कुचकामी. बाहेरून ताजी हवा देणारा मास्क नसेल तर ते काम रंगवणाऱ्याकडूनच करून घ्या, तोवरची घासाघीस तुमची. इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट नसतं, पण डब्यामागचं वाचून खात्री करा. त्याने त्वचेला ॲलर्जी होते, म्हणून पूर्ण बाह्या, हातमोजे आणि सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज मास्क हवाच.

तांबेरा

कमानीबद्दल कोणीच बोललं नाही. टवक्यातला गंज बाहेरून आत जातो, पण फुगलेला रंग बऱ्याचदा आतून बाहेर आलेला गंज असतो. टोक आत गेलं नाही हे चांगलंच, तरी फुगा खरवडून उघडा करा आणि पुन्हा दाबून बघा. रंगाचा आणि लांबीचा थरही टणक लागतो. चुंबक धरून पाहा, आजूबाजूला पकडतो तसा तिथे पकडला नाही तर खाली कोणीतरी आधी लांबी भरलेली आहे. भोक निघालं तर पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागेल, लांबीने बुजवू नका. पत्रा शाबूत असेल तर चाक काढून आतली घडी धुवा, साठलेला चिखल काढा, पाणी जायची भोकं मोकळी करा, पूर्ण वाळू द्या. रंगकाम सगळं आटोपल्यावरच आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा. आधी मारलंत तर मेण जोडातून झिरपून बाहेर येतं आणि त्या कडेवर प्रायमर धरत नाही.

धागाकर्ता

चुंबक लावला. कमानीच्या खालच्या कडेला अजिबात पकडत नाही. या सुट्टीला छप्पर बाजूला ठेवतो, आधी तोच फुगा उघडतो. आत काय निघतं त्याचे फोटो इथेच टाकेन.