पर्वरी, स्टिल्ट + ५ मजले: जमिनीखालची टाकी आणि डिझेल पंप खरंच लागतो का?

पर्वरीचा_सचिव

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी गोव्यात पर्वरीत आहे. स्टिल्ट अधिक पाच मजले, २० फ्लॅट, जमिनीपासून गच्चीपर्यंत १७ मीटर उंची, ताबा २०१४ चा. दुकानं नाहीत, बेसमेंट नाही. जिन्यात १०० मिमीचा डाउनकमर (गच्चीच्या टाकीतून आगीसाठी खाली उतरणारा पाइप), मजल्यागणिक लँडिंग व्हॉल्व्ह (होज जोडायचा नळ), होज रील आणि आग विझवायचा ६ किलोचा एकेक एबीसी (पावडर) सिलिंडर. गच्चीवर ३०,००० लिटरची एकच आरसीसी टाकी (आतून ४ बाय ४ मीटर, तळ गच्चीपासून २ मीटर उंच) आणि घरचं पाणीही तिच्यातूनच. टेरेस पंप आहे, पण तो कधी चालवल्याची नोंद मिळत नाही.

हडफड्याच्या नाइटक्लबला डिसेंबर २०२५ मध्ये आग लागली, तेव्हापासून सभासद दर बैठकीत हाच विषय काढतात. एका ठेकेदाराचं कोटेशन आलंय: सगळे सिलिंडर नवे, जमिनीखाली ७५,००० लिटरची टाकी, डिझेल पंप. दुसरा म्हणतो, सिलिंडर रिफिल करून स्टिकर लावू, बाकी सगळं ठीक आहे. नियमाप्रमाणे नक्की काय लागतं?

अग्निसल्लागार_म्हापसा

सचिवबाब, दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

आधी नियमाचं. एनबीसी, म्हणजे राष्ट्रीय इमारत संहिता २०१६, हिचा चौथा भाग आगीबद्दल आहे. ती स्वतः कायदा नाही. राज्याचे बांधकाम नियम आणि अग्निशमन खात्याच्या एनओसीतल्या अटी यांतून ती तुमच्यावर लागू होते. म्हणून पहिलं काम, २०१४ ची एनओसी आणि मंजूर नकाशा फाइलमधून काढा. सापडत नसेल तर सांतिनेजच्या संचालनालयात प्रतीसाठी लेखी अर्ज द्या. तुमची इमारत त्या अटींवर तपासली जाते, ठेकेदाराच्या यादीवर नाही.

१५ मीटर गाठली की इमारत उंच वर्गात मोडते, म्हणजे तुम्ही त्यात आलात. फ्लॅटच्या इमारतीला १५ ते ३५ मीटर या टप्प्यात लागतं ते असं: सिलिंडर, होज रील, डाउनकमर, हाताने वाजवायचा अलार्म, गच्चीवर फक्त आगीसाठी २५,००० लिटर पाणी आणि मिनिटाला ९०० लिटर देणारा टेरेस पंप. २००५ च्या आवृत्तीतही या उंचीला टाकी आणि पंपाचे हेच आकडे होते, त्यामुळे ‘आमची इमारत जुनी’ म्हणून सुटका नाही. जमिनीखालची मोठी टाकी, वेट रायझर (खालून पंपाने कायम पाण्याने भरलेला ठेवलेला पाइप), डिझेल पंप हे ३५ मीटरच्या वरचं प्रकरण. बेसमेंट २०० चौ. मीटरपेक्षा मोठं असतं तर तिथे स्प्रिंकलर लागले असते. उद्या स्टिल्टमध्ये कोणी दुकान काढायचं म्हणालं तर मात्र वापराचा वर्गच बदलतो, संहितेच्या तक्त्यातली ओळही बदलते. तेवढं सभासदांना आत्ताच सांगून ठेवा.

तुमच्या यादीत अलार्म दिसला नाही. आहे का?

पंपवाला_फोंडा

खरी अडचण टाकीत आहे. ३०,००० लिटरची टाकी पाहून सगळे निर्धास्त असतात. पण घरच्या पाण्याची लाइन तळापासून वीतभर वर काढलेली असेल तर मे महिन्यात टँकरची वाट बघताना आगीसाठी शिल्लक राहतं शून्य. त्या संध्याकाळी व्हॉल्व्ह उघडला तर गंजाचं पाणी आणि हवा येईल.

हिशोब करा. ४ बाय ४ म्हणजे १६ चौ. मीटर तळ. २५,००० लिटरला पाण्याची उंची लागते १.५६ मीटर. म्हणजे घरची लाइन तळापासून १.५६ मीटरवरून निघाली पाहिजे, आणि खालचं जुनं भोक कायमचं बंद. मग घरासाठी वरचे ५,००० लिटरच उरतात, ते २० फ्लॅटना पुरणार नाहीत. यावर साधा उपाय असा: आरसीसी टाकी आगीची करायची आणि तिच्या १.५६ मीटरवरच्या ओव्हरफ्लोवर गच्चीवर ५,००० लिटरच्या दोन प्लास्टिक टाक्या भरायच्या. नवं पाणी आधी आगीच्या टाकीत पडतं आणि तिथून पुढे जातं, त्यामुळे तिथलं पाणी शिळं होत नाही. दोन टाक्यांचं वजन १० टन होतं. त्या स्लॅबच्या मध्यावर ठेवू नका, बीम-कॉलमवर येतील अशा ठेवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या. पाचव्या मजल्याच्या शॉवरची धार थोडी मंदावेल, हेही आधीच कानावर घाला, नाहीतर महिन्याभरात कोणीतरी जुनं भोक पुन्हा उघडून घेईल.

आता पंप. पाचव्या मजल्याचा व्हॉल्व्ह टाकीच्या तळापासून जेमतेम ४ मीटर खाली. दहा मीटरला साधारण एक किलो प्रेशर (चौ. सेंमीला) धरलं तर तिथे मिळतं ०.४ किलो, आणि हवं ३.५. हा फरक पंपाने भरून काढायचा. मिनिटाला ९०० लिटर आणि ३५ मीटर हेडला (म्हणजे साधारण ३.५ किलो दाबाला) साधारण १२.५ एचपीची मोटर लागते. गच्चीवर २ एचपीचा घरगुती पंप बसवून त्याला ‘फायर पंप’ असा लाल रंग दिलेला पुष्कळदा आढळतो. तेव्हा रंगाकडे बघू नका, नेमप्लेट वाचा.

चाचणी अशी घ्या. पाचव्या मजल्याच्या व्हॉल्व्हवर गेज (दाबमापक) लावा, पंप चालू करा, आकडा लिहा. मग १५ मीटरचे दोन होज जोडून ब्रँच पाइपमधून (होजच्या टोकाच्या नळीतून) पाणी सोडा आणि वाहत्या पाण्यात आकडा पुन्हा बघा. बंद व्हॉल्व्हवर ५ किलो आणि धार सुरू होताच १ किलो, असं झालं तर पंप छोटा आहे, पाइप गंजाने भरलाय किंवा टाकीखालचा गेट व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. टाकी धुताना तो बंद करतात आणि तसाच राहतो. उघडा ठेवून साखळी-कुलूप लावा.

टाकीखालच्या एनआरव्हीचा (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हचा) बाणही बघा, तो खाली हवा. बंबवाले गेटजवळच्या इनलेटमधून पाणी भरतात. एनआरव्ही अडकून उघडाच राहिला किंवा नसलाच, तर त्यांचं पाणी होजला न येता गच्चीच्या टाकीत जातं. आणि उलटा बसला असेल तर तुमच्या टाकीतलं पाणी डाउनकमरमध्ये उतरतच नाही. त्याच फेरीत इनलेटचं झाकण काढून तपासा, आत चिंध्या-दगड कोंबलेले असतात.

आपल्या खाऱ्या हवेत व्हॉल्व्हचं स्पिंडल वर्षभर हात लावला नाही की अडकतं. तीन महिन्यांनी एकदा पूर्ण उघडून बंद करा, ग्रीस लावा. पावसाळ्यानंतर होज उलगडून वाळवा आणि घडी वेगळ्या जागी पाडा, कारण तो घडीवरच फाटतो. कपलिंगमधला रबरी वॉशर गायब असला तर अर्धं पाणी जिन्यातच सांडतं.

सिलिंडर_तपासनीस

सिलिंडरपुरता पहिला ठेकेदार बरोबर आहे. आयएस २१९० या भारतीय मानकाप्रमाणे पावडर सिलिंडरचं आयुष्य १० वर्षं, सीओटूचं (कार्बन डायऑक्साइडचं) १५. तुमचे २०१४ चे असतील तर रिफिल करू नका. वर्ष स्टिकरवर नव्हे, बाटलीवर कोरलेलं वाचा. नव्यावर आयएसआय खूण आणि आयएस १५६८३ बघूनच घ्या.

त्यानंतर दर ३ वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी, सीओटूला ५ वर्षांनी. स्टिकर लावून जाणाऱ्याकडे चाचणीचं प्रमाणपत्र मागा, त्यावर बाटलीचा अनुक्रमांक असलाच पाहिजे. पावडरच्या बाटल्या दर महिन्याला उलट्यासुलट्या करा. दमट हवेत पावडर तळाला घट्ट बसते, गेजचा काटा हिरव्यात असतो आणि लिव्हर दाबल्यावर नुसती हवा सुटते. सीओटूला गेज नसतो, तो वजनावर कळतो. गॅसचं वजन १० टक्क्यांहून जास्त घटलं की भरून घ्या.

मीटर-खोलीबाहेर ४.५ किलोचा एक सीओटू हवाच. दाराबाहेर, आत नाही. आत आग लागली तर तो हाताला लागणार नाही.

पर्वरीचा_सचिव

मनापासून आभार. नेमप्लेट पाहिली: ३ एचपी. पंपाचा पॅनल ‘मॅन्युअल’वर. बाटल्यांवर २०१३. अलार्म नाही. पैसे एकदम उभे होणार नाहीत, क्रम काय ठेवू?

पंपवाला_फोंडा

टाकीखालचा व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही या आठवड्यात, त्याला खर्च नाहीच म्हणा. सोबत सिलिंडर. मग टाकीची लाइन, मग पंप. पंप घेताना विजेची जोडणी इमारतीच्या मेन स्विचच्या आधीच्या बाजूने, स्वतंत्र स्विचवर घ्या. आग लागली की पहिला धावणारा माणूस मेन पाडतो. पंप त्याच लाइनवर असेल तर तोही तिथेच थांबतो. मीटर आणि लोडवाढीचा अर्ज वीज खात्याकडे आत्ताच टाका, पंप येईपर्यंत तो मंजूर होऊन यायला हवा.

अग्निसल्लागार_म्हापसा

अलार्म सिलिंडरबरोबरच घ्या. मजल्यागणिक एक काच-फोड बटण, हूटर आणि बॅटरीचा पॅनल. पंप बदलण्याआधी खात्याला पत्र द्या आणि नव्या पंपाची नेमप्लेट, हेड-डिस्चार्जचा (किती दाबाला किती लिटर) तक्ता जोडा. तपासणीला ते तोच आकडा गेजवर मागतात.